कंट्रोलला आई जाती

"कंट्रोलवाला शेवटी ठेवा, सर. जाताना पालक हसत गेले पाहिजेत."

सुपरवायझर मॅडमचा आवाज. मी स्टेजवर मागच्या पडद्याला कार्डशीटची अक्षरं चिकटवत होते. वेलकम पॅरेंट्स. खाली कॉम्प्युटरचे सर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "कोणता, मॅडम? ती गहू-तांदळाची पोरगी?"

"तीच. आरटीईवाली. अंगठा उठत नाही म्हणे आईचा. मला तर अजून हसू येतं."

दोघं हसले. मी तिथं आहे हे दोघांना माहीत होतं. ती पोरगी माझ्या वर्गातली आहे हेही माहीत होतं. मी डब्ल्यू उलटा चिकटवला. त्याचा एम झाला. ओढून काढला तर कागद फाटला.

प्रांजल तिचं नाव. पहिली ब. सरकारच्या राखीव जागेवर, सोडतीत नंबर लागून आलेली, बिनफीची. अशा मुलांना आमच्या शाळेत नावानं कमी आणि आरटीई म्हणून जास्त ओळखतात. मुलांसमोर नाही. मुलांच्या डोक्यावरून.

दर जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांसाठी ओरिएंटेशन असतं. नियम, चहा-बिस्किट, आणि पडद्यावर मुलांचे व्हिडिओ. यंदाचं दुसऱ्या दिवशी, शनिवारी होतं. अँकरिंग माझ्याकडे. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, पण लिहून दिलेलं इंग्रजी न अडखळता म्हणते. मला घेतलं ते तेवढ्यासाठीच. मॅडमनी मुलाखतीतच तसं सांगितलं होतं. लागले दिवाळीनंतर. अजून कायम नव्हते.

पहिलीचा पहिला आठवडा सेल्फ कंट्रोलचा. मॅडमनी स्टाफ मीटिंगमध्ये बजावलं होतं, "सुरुवातीलाच वर्ग मुठीत आला पाहिजे. नंतर येत नाही." मुठीत आणायचा म्हणजे फिंगर ऑन लिप्स. हात मागं. स्टॅच्यू. जो हलणार नाही त्याच्या मनगटावर स्टार. हलला त्याचं नाव फळ्यावर.

संयम शिकवायला माझा विरोध नाही. सहा वर्षांची वर्गभर लेकरं. कोणी आईसाठी रडतंय, कोणाला शू लागलीय, कोणाची पेन्सिल कोणी घेतलीय. थांबता आलं पाहिजेच. मी एक लोकरीचा चेंडू नेला होता. चेंडू ज्याच्या हातात तो बोलणार. बाकीच्यांनी पोटावर हात ठेवायचा. श्वास आत, पोटाचा फुगा. श्वास बाहेर, फुगा गेला. आपली पाळी येईस्तोवर हेच. पहिल्या दिवशी चेंडू खिडकीतून बाहेर गेला. मग दोघांच्या ओढाओढीत त्याची लोकर सुटली. पण आठवडा संपता संपता पोटावरचे हात दिसायला लागले होते. एखाद्याचे ओठ दाबलेले, डोळे चेंडूवर, आणि तरी थांबलेला. मला ते बघायला फार आवडायचं.

वर्गात एक विवान होता. पैठण रोडला, चितेगावला, त्याच्या वडिलांची कंपनी. विवान चावायचा. खरंच चावायचा, दात उमटायचे. मॅडम म्हणाल्या, "एनर्जी आहे त्याच्यात. चॅनलाइज कर." प्रांजल बाकावर गुडघे टेकून मागच्या मुलीशी गप्पा मारायची. मॅडम म्हणाल्या, "घरी वळणच नसतं ना. तू तरी काय करणार?"

एक पोरगं चावतं. एक पोरगी बोलते. मी दोन्ही वेळा मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत आहे.

त्याच आठवड्यात मॅडम फोन घेऊन वर्गात आल्या. शाळेच्या पेजसाठी शूटिंग. फोन धरून त्यांनी विचारलं, "चिल्ड्रन, हू विल टेल मी? व्हॉट इज कंट्रोल?"

विवान बाकाखाली. प्रांजलनं हात वर केला, आणि हाताबरोबर अख्खी उठली. तिला शब्द माहीत होता.

"टीचर, कंट्रोलला आई जाती. गहू भेटतेत आन तांदूळ. पण आईचा अंगठा उठत नाय मशीनवर. भांडे घासून घासून गुळगुळीत झाला. मग तो मानूस म्हनतो, उद्या या. मग आई उद्या जाती. मग परत म्हनतो, उद्या या."

आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचे गहू, कंट्रोलची साखर. म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सगळे हाच शब्द बोलतात. तिथं आता मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि ज्यांच्या बोटांच्या रेघा कामानं झिजल्या त्यांचा अंगठा मशीन ओळखत नाही. प्रांजल जे बोलली त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं.

मॅडम इतक्या हसल्या की फोन हलायला लागला. "ओ माय गॉड. परत सांग, बेटा. इकडं बघून सांग. अंगठा कसा उठत नाही, दाखव ना."

प्रांजलनं अंगठा हवेत दाबून दाखवला. मॅडम म्हणाल्या, परत. तिनं परत दाखवला. मॅडम हसतायत म्हणून तिला जोर आला. तिनं दुकानदाराचा आवाज काढला, मान वाकडी करून. "उद्या या बाई, सर्व्हर डाऊन हाय." वर्ग हसला. तीही हसली. तिला वाटलं, आपलं उत्तर आवडलं.

मी फळ्याजवळ उभी होते. हातातला खडू मोडला होता. हे उत्तर मी आधी ऐकलं होतं. माझ्याच तोंडून.

मी पहिलीत होते तेव्हा या शहराला सगळे औरंगाबादच म्हणायचे. आम्ही मुकुंदवाडीत राहायचो. पप्पा पाचोडहून आलेले, एका इंग्लिश मीडियम शाळेची बस चालवायचे. ड्रायव्हरच्या एका लेकराला शाळेत फुकट जागा, अशी ट्रस्टींची मेहेरबानी होती. ती जागा मला मिळाली. पहिल्या दिवशी मिसनं पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाली, "अच्छा." आडनावानंतरचं ते 'अच्छा' ज्यांनी ऐकलंय त्यांना मी वेगळं सांगायला नको.

मिस काय बोलते ते मला कळायचं नाही. बाकीचे उठले की मी उठायचे. बाकीचे बसले की बसायचे. असे दिवस चालले होते. मग एकदा मिसनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं, सेल्फ कंट्रोल. काहीतरी विचारलं. त्या सगळ्या न कळणाऱ्या बोलण्यात एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. कंट्रोल. तो तर आमच्या घरातला शब्द. आई म्हणायची, शेजारची म्हणायची. मला वाटलं, इंग्रजी म्हणजे हेच होय? हे येतं की आपल्याला.

मी हात वर केला. शाळेत पहिल्यांदा.

"मिस, कंट्रोल इज शॉप. गहू इज देअर. रॉकेल इज देअर. लाइन इज व्हेरी बिग."

जेवढं इंग्रजी जवळ होतं तेवढं सगळं लावलं होतं मी त्याला.

मिसनं तोंडावर हात ठेवला. बाहेर गेली. शेजारच्या वर्गातल्या मिसला घेऊन आली. "से इट अगेन, डिअर." मी परत सांगितलं. आधीपेक्षा मोठ्यानं सांगितलं. दोघी हसल्या. मग ती दुसरी मिस मराठीत म्हणाली, मला कळेल अशा मराठीत, "फुकटचं खाणाऱ्यांना कंट्रोल म्हणजे तेच."

तेव्हा कळलं. हसणं माझ्यावर होतं. एकदा कळलं की ते पुन्हा न कळल्यासारखं होत नाही. पुढं कोणीही हसलं, अगदी प्रेमानं हसलं, तरी मी आधी अंगावरचे कपडे चाचपायचे. काही सुटलंय का, काही फाटलंय का.

मला नाव पडलं. कंट्रोल. बसमध्ये चढले की मागून आवाज यायचा, "कंट्रोल आली रे, लाइन लावा!" पप्पा स्टिअरिंगवर. आरशात त्यांना सगळं दिसायचं. मला त्यांचे फक्त डोळे दिसायचे. ते गिअर टाकायचे आणि बस निघायची.

एकदा आईनं घरी विचारलं, "तुम्ही बसमधी असता अन् ऐकून घेता?"

पप्पा म्हणाले, "साहेबाची लेकरं हायेत ती. म्या ड्रायव्हर हाय. काय बोलू?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तू बोलूच नको बाई तिथं. बोललीच नाय तर हसतील कशाला?"

मी ऐकलं. बोलणं बंद केलं. उत्तर येत असलं तरी हात खाली. तहान लागली तरी गप्प. कोणी डबा ओढला तरी गप्प. फिंगर ऑन लिप्स म्हटलं की सगळ्यांत आधी माझं बोट ओठांवर, आणि सगळ्यांत शेवटी खाली. वर्ष संपताना प्रिन्सिपलनी असेंब्लीत माझं नाव पुकारलं. सगळ्यांत जास्त सेल्फ कंट्रोल असलेली मुलगी. माझ्या युनिफॉर्मला बिल्ला लावला. टाळ्या झाल्या. लांब बसजवळ उभे राहून पप्पा डोळे पुसत होते.

मी भ्यालेली होते. शाळेनं त्याला गुण म्हटलं. बिल्ला मिळाल्यावर मलाही ते पटलं. मग तो गुण मी वाढवला. कॉलेजात वाढवला, डी.एड.ला वाढवला. शांत मुलगी. गुणाची मुलगी. मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, "यू आर सो कंपोज्ड." स्टाफरूममध्ये माझी खुर्ची पंख्यापासून लांबची, कोपऱ्यातली. कोणी दिली नाही. मीच जाऊन बसले.

म्हणून शुक्रवारी त्या स्टेजवर, हातात फाटका डब्ल्यू घेऊन, मला प्रांजल दिसत होती. ती अजून हसणाऱ्यांबरोबर हसत होती. तिला अजून कळलं नव्हतं. उद्या हॉलभर माणसं हसतील, तिच्या आईसमोर हसतील, आणि तिला कळेल. मग ती किती शहाण्यासारखी गप्प बसेल हे मला पाठ होतं.

मी खाली उतरले. मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दारात उभी राहून म्हणाले, "मॅडम, प्रांजलचा व्हिडिओ नको दाखवायला."

"का गं?"

"लोक हसतील."

"हसायलाच तर आहे. क्यूट आहे ती."

"तिची आई येणार आहे."

"मग? तिला आनंदच होईल, मुलगी पडद्यावर दिसली म्हणून. त्या लोकांना असं काही वाटत नसतं. आणि फोटो-व्हिडिओची परवानगी अॅडमिशनलाच घेतलेली असते आपण."

मी निघायला हवं होतं. नेहमी निघतेच. पण तोंडातून गेलं, "आमच्या घरी पण कंट्रोलच म्हणतात, मॅडम."

हे मी आजवर कुठल्याही स्टाफरूममध्ये बोलले नव्हते. मॅडमनी चष्मा काढला. माझ्याकडं नीट बघितलं. लागल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"हो? तुझ्या इंग्रजीवरून अजिबात वाटत नाही हं. मी तर सगळ्यांना सांगते, आमच्या पहिलीच्या मिस किती पॉलिश्ड आहेत." मग जरा पुढं वाकून, आपुलकीनं, "हे कोणाला सांगत बसू नकोस. आणि एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. सेल्फ कंट्रोल शिकवतेस ना तू मुलांना? तुझा प्रोबेशनचा रिपोर्ट माझ्याकडेच आहे. छानच लिहिणार आहे मी."

"थँक्यू, मॅडम," मी म्हणाले.

जिना अर्धा उतरल्यावर कळलं मी काय बोलले. थँक्यू. तिनं माझ्या तोंडावर सांगितलं की तू तुझ्या माणसांसारखी दिसत नाहीस म्हणून चालतेस. आणि मी तिचे आभार मानले. कठड्याला धरून उभी राहिले. पोटावर हात ठेवला. श्वास आत, श्वास बाहेर. लेकरांना शिकवते तसं. काही उपयोग झाला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं होतं. या शहरात पाणी येतं त्या दिवशी दुसरं काही होत नाही. मोटारी, पाइप, बादल्या, आरडाओरडा. आई अन् मी टाकीशी होतो. पाइप धरल्या धरल्या मी तिला सगळं सांगितलं. पप्पा ओट्यावर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "नोकरी जाईल, बाई. कायम तर होऊ दे आधी."

आईनं पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला. त्यांच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाली, "ह्यांनी आरशात बघितलं. तू काय, पडद्यावर बघणार?"

पप्पा उठून आत गेले. आईनं रिकामी बादली माझ्याकडं सरकवली. पाणी जायच्या आत बादल्या भरायच्या होत्या.

शनिवारी मी लवकर गेले. गेटजवळ उभं राहून पालकांचं स्वागत करायचं होतं. गाड्या यायला लागल्या. विवानची आई आली, विवान तिचा हात सोडून पळाला. मागून पायी एक बाई आली. जरीच्या काठाची साडी, केसात गजरा, आणि हाताला धरून प्रांजल, वेण्या घट्ट.

"नमस्ते, मॅडम. मी प्रांजलची आई." ती हळूच बोलत होती, पण खुशीत होती. "म्हनली, टीचर माझा पिच्चर दाखवणार हायेत. म्हनून सुट्टी टाकून आले. शेजारनी तर म्हनल्या, मोबाइलमधी काढून आन." मग काळजीनं, "लई बोलती का वो ती वर्गात? बोलली तर द्या एक ठेवून."

"नाही. बोलू द्या तिला."

"इंग्रजीत बोलली ना पिच्चरमधी?"

मी प्रांजलला वर्गात पिशवी ठेवायला पाठवलं. मग सांगितलं. कंट्रोलबद्दल बोलली. तुमच्या अंगठ्याबद्दल बोलली. मॅडमना गंमत वाटली. ते सगळ्यांना दाखवणार आहेत.

तिचा चेहरा मी सांगणार नाही. हात सांगते. उजवा हात पदराखाली गेला.

"घरी करती ती तशी नक्कल," ती म्हणाली. "आम्ही बी हसतो. घरी हसतो ना आम्ही." मग हॉलकडं बघितलं. "आमच्या मॅडम बसल्यात तिथं. मी भांडे घासते त्यांच्याकडं. त्यांचा बाबू तिसरीत हाय इथं." मग माझ्याकडं वळून, "टीचर, ते नाय दाखवलं तर नाय का जमणार?"

"मी बोलते."

"तुमचं ऐकतील. तुम्ही टीचर हायेत."

ती आत गेली. शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. पुढच्या रांगांमध्ये कुठंतरी तिच्या मॅडम होत्या. मी कॉम्प्युटरच्या सरांजवळ गेले. म्हणाले, "सर, शेवटचा व्हिडिओ काढा. तिच्या आईनं नको म्हटलंय." ते म्हणाले, "मॅडमना विचारा." मॅडम पहिल्या रांगेत ट्रस्टींशी बोलत होत्या. मी दोनदा जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी बोटानं 'थांब' केलं. मग घड्याळाकडं बोट दाखवलं. सुरू कर.

मी माइक घेतला. गुड मॉर्निंग, डिअर पॅरेंट्स. माझं इंग्रजी चाललं होतं. नियम झाले. युनिफॉर्म झाला. ट्रस्टी बोलले, या शाळेत आम्ही मुलांना संस्कार देतो. मध्येच विवान स्टेजवर धावत आला, फुलदाणी पाडली. सगळे कौतुकानं हसले. "सो अॅक्टिव्ह," मॅडम म्हणाल्या. मी फुलं गोळा केली. मुलांचे व्हिडिओ सुरू झाले. मधूनमधून शेवटच्या रांगेकडं बघत होते. तो हात पदराखालीच होता. तिच्या शेजारी प्रांजल खुर्चीवर गुडघे टेकून पडद्याकडं बघत होती. आपली पाळी केव्हा येते म्हणून. तिनं पोटावर हात ठेवला होता. थांबत होती ती. मी शिकवलं होतं तसं.

हातातल्या कार्डावर शेवटचं वाक्य राहिलं. मॅडमच्या अक्षरात. अँड नाऊ, अ लिटल लाफ फ्रॉम अवर सेल्फ कंट्रोल वीक.

पडद्यावर प्रांजलचा चेहरा आला. थांबलेला. तोंड उघडं, अंगठा हवेत, मधोमध पांढरा त्रिकोण. सरांचं बोट बटणावर. ते माझ्याकडं बघत होते. मी वाक्य म्हटलं की ते दाबणार.

मी म्हटलं नाही.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. माइकमधून माझा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता. काय बोलायचं ते मी इंग्रजीत शोधत होते, आणि इंग्रजीत मला फक्त नम्र वाक्यं येत होती. प्लीज. सॉरी. इफ यू डोन्ट माइंड. शाळेनं मला तेवढीच शिकवली होती.

मी मराठीत बोलले. आमच्या शाळेच्या माइकवर टीचरनं मराठी बोलायचं नसतं.

"हा व्हिडिओ लागणार नाही. ही माझ्या वर्गातली मुलगी आहे. तिच्या घरून नको म्हटलंय. तिला विचारलं कंट्रोल म्हणजे काय, तिनं बरोबर सांगितलं. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. आमच्या घरीपण तेच म्हणतात. मी लहानपणी हेच उत्तर दिलं होतं आणि मलाही असंच हसले होते. मी ते ऐकून घेतलं. हिला ऐकवू देणार नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेत ट्रस्टींनी फोन काढून खाली बघायला सुरुवात केली. विवानची आई शेजारच्या बाईच्या कानाशी लागली. शेवटच्या रांगेकडं मी बघितलं नाही. मॅडम उठून स्टेजच्या पायरीशी आल्या. चेहऱ्यावर हसू तसंच, पालकांसाठी. दातांतून माझ्यासाठी आवाज, "मिस. कंट्रोल युवरसेल्फ. सर, लावा तुम्ही."

सरांनी बटणावरचं बोट उचललं नाही. दाबलंही नाही.

मी माइक तोंडाशी धरला.

"नाही ठेवणार मी कंट्रोल. आधी तो व्हिडिओ पुसा, सर. इथंच, सगळ्यांसमोर पुसा. मग मला काढायचं तर काढा."